परताव्यात अडकलेली खालची कवळी

ती. मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हातात पेन असल्यामुळे तो नीट जुळलेला नाही. तेव्हा हा नमस्कार पाऊण समजावा, उरलेला पाव भेटीत पुरा करीन.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कठडा धरता, की मामी बघत असल्या की अजून सोडून देता? मामींची पाठ काय म्हणते? आणि तुमच्या डाव्या मनगटावरची ती जुनी जखम थंडीत ठणकते का? परवाच ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तुमची लांडग्याची गोष्ट सांगितली. तुम्ही लहान, अंगावर धावून आलेला लांडगा, मागे थरथरत उभी असलेली धाकटी बहीण, आणि तिला वाचवायला तुम्ही पुढे केलेला हात. सगळे घास हातात धरून ऐकत राहिले. (मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो कुत्रा होता, असं अंधुक आठवतं. पण माझा माझ्या आठवणीवर फारसा विश्वास नाही आणि तुमच्यावर आहे, म्हणून लांडगाच सांगितला.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरणं हा ज्या बाईचा पोटाचा धंदा, तिने 'सगळे' हा शब्द असा ढोबळ वापरावा का? आमची प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीत असतात आणि ती चिमट्यानेच उचलायची असतात, कारण बोटांचा घाम लागला तरी वजन वाढतं. त्या पेटीसोबत इतकी वर्षं काढल्यावर आता शब्दही मी चिमट्याने उचलते. तुमचे जावई म्हणतात, हा रोग आहे. असेल. तर नेमकं लिहायचं म्हणजे, जावई खुशाल आहेत, मी खुशाल आहे, आणि आई खुशाल आहे, खालचा जबडा सोडून.

हा जबडाच या पत्राचं कारण आहे. तुमच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाचं बोलावणं येऊन पडलं, मागोमाग तुमचा फोन आला, मग मामींचा आला, आणि प्रत्येक वेळी आईने फोनवर फक्त "बघू" एवढंच म्हटलं आणि तो माझ्या हातात कोंबला. मामींनी मला हळूच विचारलंही, "वन्संचं काही बिनसलंय का गं?" आणि तुम्ही तर स्पष्टच म्हणालात की ती रुसली असेल तर तसं सांगावं, म्हातारपणी कोडी घालू नयेत. मामा, आई रुसलेली नाही. आईला खालचे दात नाहीत. वरची कवळी बसली, अगदी फर्मास बसली, पण खालची यायची आहे. आणि नुसत्या वरच्या कवळीने बोललं की तिच्या प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते. साखर म्हटलं की एक, सासूबाई म्हटलं की दोन. "बघू" या शब्दात 'स' नाही, शिवाय वचनही नाही, म्हणून तिने तो पकडून ठेवला आहे. पहिल्यांदा शिट्टी वाजली त्या दिवशी ती आरशासमोर बसून स्वतःशीच हसली आणि म्हणाली, "दादाची शिट्टी शेवटी मला मिळाली म्हणायची." मला अर्थ कळला नाही. विचारलं, तर म्हणाली, "तुला काय करायचंय? तू काटे तपास."

आता तुम्ही म्हणाल, मग खालची कवळी करून का घेत नाही? मामा, ती करून तयार आहे. दंतवैद्यांच्या कपाटात, झाकणाच्या बरणीत, आईच्या नावाची चिठ्ठी लावून पाण्यात बसली आहे. 'दात आहेत तर चणे नाहीत' अशी म्हण आहे. आमच्याकडे दातही आहेत, चणेही आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या इमारतींत आहेत. मधे उभा आहे माझा आयकराचा परतावा. (पगारातून जास्तीचा कापलेला कर, जो सरकार वर्षाअखेरी हिशेब पाहून परत करतं, तो.) वरच्या कवळीत आमची शिल्लक संपली, खालची परताव्यातून घ्यायची असं ठरलं, आणि परतावा काही येईना.

हा परतावा एवढा मोठा कसा झाला, तेही सांगण्यासारखं आहे. यंदा करकायदा बदलला. जुना गेला, नवा आला. आमच्या ऑफिसातल्या हिशेबनिसाला आम्ही 'सावधान' म्हणतो, कारण तो पेन्सिलीला टोक करतानासुद्धा दोनदा मागे वळून बघतो. या सावधानला जुना कायदा पुरता गेला आहे की नाही याची खात्री वाटेना, आणि नवा पुरता आला आहे की नाही याचीही वाटेना. उद्या कोणी विचारलं तर बोट आपल्याकडे नको, म्हणून त्याने माझा कर दोन्ही कायद्यांनी कापला. मी विचारायला गेले तर तो इतक्या प्रेमाने म्हणाला, "बाई, जास्त कापलेला परत मिळतो, कमी कापलेला अंगाशी येतो. मी तुमच्याच भल्यासाठी दोनदा कापला." एखादा न्हावी असं म्हणाला असता तर मी खुर्चीतून उठून गेले असते. पण सावधानचा चेहरा असा की त्याच्यावर रागावल्याचं पाप लागेल. मी उलट त्याचे आभार मानले. (मनापासून मानले का, यावर रोजनिशीत पाऊण पान खर्च झालं आहे. निष्कर्ष निघाला नाही.)

परताव्यासाठी अर्ज भरायचा असतो. गल्लीच्या टोकाला एक करसल्लागार बसतो. गोल, हसरा, सतत काहीतरी चघळणारा माणूस. नव्या कायद्याचं जाडजूड पुस्तक त्याने खुर्चीवर ठेवलेलं असतं आणि त्यावर तो स्वतः बसतो. म्हणतो, "ताई, खुर्ची जरा खाली होती." त्याच्याकडे मी सगळे कागद घेऊन गेले. नव्या अर्जात एक नवा रकाना आला आहे: वर्षभरात कोणाकडून काही भेट मिळाली असल्यास लिहावी. सल्लागार म्हणाला, रिकामा सोडा. मी म्हटलं, पण मिळाल्या आहेत. तो म्हणाला, सगळ्यांनाच मिळतात. मी म्हटलं, मग सगळे काय लिहितात? त्याने चघळणं थांबवलं आणि मला समोर बसवून, लहान मुलीला समजवावं तसं सांगितलं, "ताई, अर्जात खरं लिहायचं असतं. सगळं खरं लिहायचं नसतं."

हे वाक्य मला पटलं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी मी कागद उचलून घरी आले आणि अर्ज स्वतः भरायला बसले. फळवाल्याने वजनावर एक सफरचंद जास्त टाकलं तर मी ते परत ठेवते, आणि तो बिचारा, मी ऑफिसची बाई म्हणून, घाबरून आणखी एक काढून घेतो. माझ्यासारखीने भेटी लपवायच्या? शेजाऱ्यांनी घर बदलताना दिलेली वेताची खुर्ची लिहिली. जावयांनी दिलेल्या चपला लिहाव्यात का, यावर बराच वेळ गेला. जावई दारातून म्हणाले, "मला शिंक आली तेव्हा तू 'जपून' म्हणालीस, ते माझ्या अर्जात लिहू का?" मी दुर्लक्ष केलं. मग एका नातेवाइकाने मायेने हातात कोंबलेलं एक पाकीट होतं, 'कपाट घे' असं म्हणून दिलेलं. तेही लिहिलं. (नातेवाईक कोण, ते इथे सांगत नाही. पत्राचा ओघ बिघडेल.)

नातेवाइकाच्या भेटीवर कर नसतो, मामा. तिथवर सगळं ठीक होतं. पण त्या ओळीपुढे दोन चौकटी होत्या. एक, 'नाते सिद्ध करता येईल.' दुसरी, 'नाते सिद्ध करता येणार नाही.' सबंध देश डोळे मिटून पहिल्या चौकटीत खूण करतो आणि चहा प्यायला उठतो, असं मला नंतर कळलं. मी मात्र थांबले. मी स्वतःला विचारलं, बाई, खरंच सिद्ध करता येईल का तुला? उद्या कोणी 'दाखव' म्हणालं तर काय दाखवशील? कागद आहे? नाही. तर मग जे करता येणार नाही ते 'येईल' म्हणणं हे खोट्या वजनाला खरा शिक्का मारण्यासारखं नाही का? आणि मी शांत मनाने दुसऱ्या चौकटीत खूण केली. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. अर्ज पाठवला आणि आईला म्हटलं, "आता कवळी आलीच समज."

सल्लागाराला हे सांगितलं तेव्हा तो कायद्याच्या पुस्तकावरून घसरला. "ताई! ती दुसरी चौकट नुसती शोभेला असते हो! ती कोणी भरत नाही!" मी म्हटलं, मग छापतात कशाला? त्यावर तो पाणी प्यायला आत गेला तो बाहेर येईना.

मग सुरू झालं वाट पाहणं. आणि मामा, कबूल करायला हवं की ते दिवस आम्ही भलत्याच मजेत काढले. अर्जाची खबर संगणकावर बघता येते. आधी आलं 'प्रक्रियेत'. मग 'विचाराधीन'. मग पुन्हा 'प्रक्रियेत'. म्हणजे विचार केला आणि तो रद्द केला असावा. तुमच्या जावयांचं तसबिरींचं दुकान. त्यांनी तो 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे' असा आलेला निरोप छापून, निळ्या काठाच्या चौकटीत बसवून, काच लावून स्वयंपाकघरात टांगला. येणारेजाणारे वाचतात आणि आपापला सांगतात. कारण नव्या कायद्याने सगळी गल्लीच लटकली आहे. दंतवैद्यांचा परतावा अडकलाय, त्यांना रुग्णांची खुर्ची बदलायची आहे. सध्याची एकदा मागे गेली की हलवूनच पुढे आणावी लागते. फळवाल्याचा अडकलाय. खुद्द सल्लागाराचाही अडकला आहे, पण हे तो कुणाला सांगत नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. 'परतावा आला की' हे आता आमच्याकडे वाक्याचं शेपूट झालं आहे. भिंत रंगवू, परतावा आला की. जावई तर परवा भांडी घासायची पाळी आली तेव्हा म्हणाले, "घासतो, परतावा आला की."

चौकशीचा एक फोन आहे. तो लावला की एक गोड बाई बोलते, बाई म्हणजे भरून ठेवलेला आवाज. "आपला संयम आमच्यासाठी मोलाचा आहे." आणि मग बासरी. आईला ती बासरी आवडते. कामं करताना ती फोन लावून शेजारी ठेवते. पण ते वाक्य आलं की दर वेळी फोनला उत्तर देते, शिट्ट्यांसकट: "मोलाचा आहे ना, मग तोच विकत घ्या म्हणावं, आणि द्या माझे दात!"

आणि दर मंगळवारी आई आपल्या कवळीला भेटायला जाते. हो, भेटायला. दुपारी दवाखान्यात गर्दी नसते. ही बाहेर जायचे चांगले कपडे घालते, केस नीट बसवते, पिशवीत एक सफरचंद टाकते आणि निघते. दंतवैद्य तरुण आहेत, लाजरे आहेत, तिला आजी म्हणतात. ते बरणी काढून देतात. आई कवळी बसवते, हलणाऱ्या खुर्चीत जपून टेकते, आणि आधी सफरचंद खाते, सालासकट, करकर आवाज करत. मग दवाखान्यातलं वर्तमानपत्र उघडून मोठ्यांदा वाचते, मुद्दाम 'स'च्या बातम्या शोधून. सरकार, संसद, सहकार, समिती. एकही शिट्टी नाही. मग भिंतीवरच्या आरशात वेगवेगळ्या तऱ्हेने हसून बघते. एक हसणं ओळखीच्यांसाठी, एक फोटोसाठी, आणि एक मोठं, मान मागे टाकून. मी विचारलं, हे कोणासाठी? म्हणाली, "हे दादाच्या वाढदिवसाचं." नंतर कवळी काढते, धुते, बरणीत ठेवते, आणि झाकण लावताना हळूच म्हणते, "येते हं." दंतवैद्यांना नाही, मामा. कवळीला.

त्या सभ्य माणसाने दहादा सांगितलं असेल, "अहो आजी, घेऊन जा, पैसे येतील तेव्हा द्या." पण आई! "उधारीच्या दातांनी हसू नये," म्हणते. "मधेच कोणी मागितले तर हसणं अर्धवट राहतं." मी म्हटलं, मी कुठूनतरी उभे करते. तर म्हणते, "तुझे हक्काचे पैसे सरकारकडे पडलेत. आपलं असताना दुसऱ्यापुढे हात कशाला पसरायचा?" आणि तुम्हाला सांगते म्हटलं, तर तिने माझा हात धरला. "दादाला सांगितलंस तर तो उद्या पैसे घेऊन दारात. मग पंचाहत्तरीला मी त्याच्याच दातांनी त्याच्यासमोर जेवायचं? त्यापेक्षा मी इथे पातळ खाते." जावई म्हणाले, आई, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, तुमच्याकडे दाखवायचे आहेत तर चला की तसंच, कोण तोंड उघडून बघतंय. त्यावर ती म्हणाली, "दादासमोर मला नुसतं दाखवायचं नाही, त्याच्याशी भांडायचंय, आणि भांडणाला दोन्ही लागतात."

(मामा, तुम्हाला सांगू नकोस असं ती म्हणाली आणि मी सांगते आहे. यावर मी विचार केला. तिने 'सांगू' नकोस म्हटलं, 'लिहू' नकोस म्हटलं नाही, ही पळवाट मला सुचली, पण ती खोट्या मापाची आहे म्हणून टाकून दिली. सरळ सांगते: तुम्हाला ती रुसली असं वाटत राहावं, हे मला सोसवेना.)

शेवटी कार्यालयाचं उत्तर आलं. परतावा मंजूर आहे, मात्र भेट देणाऱ्या व्यक्तीशी असलेल्या नात्याचा पुरावा सादर करावा, तोवर रक्कम रोखून ठेवली आहे. मी रजा टाकून गेले. लांब दालन, ओळीने खिडक्या, कागदांवर पंख्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. (एका दगडाचं वजन मी मनात केलं. सवय.) खिडकीतल्या अधिकारी बाईंनी माझ्या अर्जाचा क्रमांक संगणकात घातला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. "ही खूण करणाऱ्या तुम्हीच का?" मी म्हटलं, हो. त्यांनी मागे वळून हाक मारली, "अहो, या, त्या आल्यात!" आणि मामा, चार-पाच जण टेबलं सोडून मला बघायला आले. एकाने विचारलं, "मुद्दाम केली की चुकून?" मी म्हटलं, विचार करून. ते एकमेकांकडे बघू लागले. त्या बाईंनी मला आत बोलावून बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाल्या, "यंत्राला या खुणेचं काय करायचं ते माहीतच नव्हतं हो. ते तुमचा अर्ज घेऊन गोल गोल फिरत बसलं. कोणी ती चौकट भरेल असं ते बनवणाऱ्यालाच वाटलं नव्हतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. निदान मी तसं धरून चालले आहे. पुरावा आणून द्या, त्याच दिवशी सोडते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, सोडतील.

तेव्हा आता सगळं त्या एका पुराव्यावर आहे. तो मिळाला की परतावा, परतावा आला की कवळी, कवळी आली की आई तुमच्या वाढदिवसाला. आपण रागावू नये. आणि एक कळकळीची विनंती: कृपा करून पैसे पाठवू नका. आई घेणार नाही हे एक, आणि पाठवलेत तर पुढच्या वर्षी मला ते लिहावे लागतील.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमची,
चिमट्याने शब्द उचलणारी भाची

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. 'एका नातेवाइकाने दिलेलं पाकीट' असं मी वर लिहिलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. मामा, ते नातेवाईक तुम्ही. गेल्या खेपेला निघताना मामींचं लक्ष नाही असं बघून तुम्ही माझ्या पिशवीत सारलंत ते पाकीट. (मामींना माहीत नसेल तर हा ताजा कलम फाडून टाका. पण मग खालचेही फाडावे लागतील, आणि ते फाडू नका.) म्हणजे सरकारला आता तुम्ही माझे मामा असल्याचा पुरावा हवा आहे. तुमच्या मायेवर अशी शंका माझ्यामुळे यावी, याचं मला फार वाईट वाटलं. मग थोडं हसूही आलं. जावई तर जमिनीवर बसून हसले.

आणखी ता. क. तुमचे आणि आईचे जन्माचे दाखले ज्या कचेरीत होते तिथे पाणी शिरलं होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. अधिकारी बाई म्हणाल्या, हरकत नाही, देणाऱ्याने स्वतःच्या हाताने निवेदन लिहून द्यावं; त्यात बहीणभाऊ असल्याची काहीतरी ठोस, डोळ्यांना दिसणारी खूण असावी; आणि त्यावर घरातल्या एका जाणत्या माणसाने साक्षीदार म्हणून सही करावी. मी आईला म्हटलं, अशी खूण कुठून आणायची? ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "दादाच्या डाव्या मनगटावर आहे की." आणि मग, मामा, तिने मला सगळं सांगितलं. तुम्हाला मिळालेली पितळेची शिट्टी. तुम्ही ती तिला एकदाही वाजवायला दिली नाहीत. आणि शेवटी तिने तुमच्या मनगटाचा घेतलेला चावा. वरचे चार, खालचे चार. तुम्ही तिला मार बसू नये म्हणून घरी सांगितलंत की कुत्रा चावला. तो कुत्रा पुढे मोठा होत होत लांडगा झाला, त्याला आईचा आक्षेप नाही. ती म्हणते, "मला वाचवायलाच तो खोटं बोलला, तेव्हा गोष्ट तशी खरीच आहे. फक्त लांडगा मी होते." तर मामा, खरी विनंती अशी: ही हकीकत तुमच्या अक्षरात लिहून द्या, मनगटाचा एक फोटो जोडा, आणि साक्षीदार म्हणून मामींची सही घ्या. वाढदिवसाला तुम्ही नातवंडांना लांडग्याची गोष्ट सांगायची असं मामींनी ठरवलं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे सांगायला मला इतकी पानं लागली.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात आईने पत्र हिसकावून वाचलं. मी बोलणी खाण्याच्या तयारीने उभी राहिले. पण तिने चष्मा पुसला आणि पुढचं शब्दशः लिहायला सांगितलं. (शिट्ट्या लिहून दाखवता येत नाहीत, त्या आपण घालून घ्याव्यात.) "दादा, मी रुसले नाही. तसं लिहून दिलंस तर दोन्ही कवळ्या घालून येईन, आणि तू नातवंडांना लांडग्याची गोष्ट सांगशील तेव्हा सगळ्यांत जास्त मीच घाबरीन, चकार शब्द बोलणार नाही. वहिनीला मात्र खरं सांग, तिला केव्हाचं माहीत आहे, मीच सांगितलंय. आणि नाही लिहून दिलंस तरी येतेच. वरचे आहेत माझ्याकडे. अर्धा पुरावा तिथल्या तिथे ताजा करून देते." एवढं सांगून ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि विचार त्याला, ती शिट्टी अजून आहे का."

असेल तर मामा, द्या तिला या वेळी. फक्त देताना तिची अंदाजे किंमत कळवा, पुढच्या वर्षी आईच्या अर्जात लिहावी लागेल. नातं: भाऊ. खूण मी पहिल्या चौकटीत करीन.